दीड विकला

घड्याळाचा तासकाटा हलताना कुणी पाहिलेला नाही. मघाशी तीनवर होता, आता चारवर आहे, म्हणजे मध्ये हलला असणार, असं आपण ताडतो. तुमची ६०० मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर नेमक्या याच चालीने वळत असेल, तर ते डोळ्याला कळणार नाही आणि हातालाही कळणार नाही. कॅमेऱ्याला मात्र कळेल. शटर सेकंदाच्या विसाव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्यात चित्र एक अख्खा पिक्सेल सरकलेलं असेल.

हे ऐकलं की बहुतेक जण ‘काहीतरीच!’ म्हणतात. म्हणून हिशेबच मांडतो. हल्लीच्या ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि त्या रुंदीत सुमारे ८,२०० पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले असतात. म्हणजे एक पिक्सेल ४.४ मायक्रॉनचा. ६०० मिलिमीटरच्या लेन्समागे हा पिक्सेल बाहेरच्या जगातला जेवढा कोन व्यापतो, तो निघतो दीड विकला. अंशाचे साठ भाग केले की कला, कलेचे साठ केले की विकला; पंचांग पाहणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पक्षी टिपणाऱ्यांनाही असायला हरकत नाही. पूर्ण वर्तुळात १२,९६,००० विकला असतात. त्याला दीडने भागा. ही लेन्स स्वतःभोवती एक पुरी गिरकी घेईल तेव्हा ८,६४,००० पिक्सेल मोजून झालेले असतील.

तासकाटा ही गिरकी ४३,२०० सेकंदांत संपवतो, म्हणजे सेकंदाला २० पिक्सेल. मिनिटकाटा सेकंदाला २४०. सेकंदकाटा तर १४,४००. त्याच्या वेगाने वळणाऱ्या लेन्समध्ये १/२००० शटर ठेवलं तरी सात पिक्सेल फराटा उमटतो.

आता पृथ्वीच घ्या. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून आकाश या लेन्समधून सेकंदाला दहा पिक्सेल सरकताना दिसतं. पाणथळीवर वठलेल्या झाडावर पाणकावळा बसलाय आणि मागून पौर्णिमेचा चंद्र उगवतोय, अशी चौकट लावणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं. ट्रायपॉड कातळात रोवला तरी चंद्र चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेचौदा मिनिटांत निघून जातो, आणि शटर १/१० सेकंदापेक्षा मंद केलं की त्याची कड फुटायला लागते. पक्षी आणि ट्रायपॉड दोघेही पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे एरवी आपल्याला त्याची फिकीर नसते, एवढंच.

लेन्सच्या अंगाने पाहिलं तर मामला आणखी नाजूक आहे. ६०० एफ/४ लेन्सची नळी ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. मागचं टोक जागच्या जागी राहून पुढचं टोक एका मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाने हललं, की झाला एक पिक्सेल. वर १.४चा टेलिकन्व्हर्टर चढवला की लेन्स होते ८४० मिलिमीटरची आणि दीड विकलेची एकच विकला उरते.

एवढं सगळं डोक्यात घेऊन माणूस ट्रायपॉड घ्यायला दुकानात जातो आणि खोक्यावरचा एक आकडा वाचतो: ‘भारक्षमता १० किलो’. आपली लेन्स तीन-सव्वातीन किलोंची, कॅमेरा सव्वा-दीड किलोचा, सगळं मिळून साडेचार. दहा म्हणजे दुपटीहून जास्त! खूश होऊन घरी येतो.

माझं भांडण या किलोंच्या आकड्याशी आहे. तो मोजण्याची सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली एकच एक पद्धत नाही. स्वतः तीन किलोंच्या आत असलेला आणि ४० किलो पेलतो म्हणून विकला जाणारा ट्रायपॉड बाजारात मिळतो. त्यावर ४० किलोंची लेन्स ठेवणारा माणूस मला भेटायचाय. कॅननची १२०० मिलिमीटर एफ/५.६ ही प्रसिद्ध अजस्र लेन्ससुद्धा साडेसोळा किलोंचीच होती. शिवाय लेन्स दिवसेंदिवस हलक्या होत चालल्यात: कॅननची ६०० एफ/४ स्टॅबिलायझरसह १९९९मध्ये आली तेव्हा ५.३६ किलोंची होती, २०१८मधली तिसरी आवृत्ती ३.०५ किलोंची. भार हा प्रश्न कधीच मिटलाय. ट्रायपॉड लेन्सच्या वजनाने मोडून पडत नाही. प्रश्न तो पीळ किती सोसतो हा आहे. आणि हा आकडा खोक्यावर शोधून सापडत नाही.

पिळाविरुद्धचा ताठपणा मोजता येतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला शंभर ग्रॅमचा दाब दिला, तर वरची बैठक किती वळते ते पाहायचं. ती रेडियनच्या हजाराव्या भागाने, म्हणजे साधारण २०६ विकला वळली, तर ताठपणा झाला १,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. एकक विसरलात तरी चालेल, हजार लक्षात ठेवा. असा हजारी ट्रायपॉड आहे असं धरू. तुम्ही डोळा व्ह्यूफाइंडरला टेकवलात आणि गालाने कॅमेऱ्याला पन्नास ग्रॅमचा दाब दिलात, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर. चित्र २० पिक्सेल सरकतं. तीन हजारी ट्रायपॉडवर सात पिक्सेल, आणि प्रवासात बॅगेत मावतो म्हणून घेतलेल्या तीनशेच्या काडीपैलवानावर जवळजवळ सत्तर.

नुसतं सरकणं तसं निरुपद्रवी असतं. गाल टेकलेला राहिला तर चित्र सरकून स्थिर होईल, फोटो स्वच्छच येईल. नुकसान करतं ते हेलकावणं. साडेचार किलोंची, अर्धा मीटर लांबीची वस्तू हजारी ट्रायपॉडवर ठेवून टिचकी मारली, तर ती सेकंदाला सुमारे १५ हेलकावे खाते. वीस पिक्सेलांचा हेलकावा असेल तर मध्यातून जाताना चित्राचा वेग सेकंदाला १,९०० पिक्सेल होतो. त्यावर १/२००० शटर ठेवलं तर एक पिक्सेल, म्हणजे काहीच नाही. १/२५० ठेवलं तर सात-आठ पिक्सेल. आणि १/१५ ठेवलं, तर शटर उघडं असताना एक पुरा हेलकावा होऊन जातो आणि फराटा पडतो चाळीस पिक्सेलांचा.

म्हणून भर उन्हात १/२००० वर उडता पक्षी टिपणारा कुणी तुम्हाला सांगेल, की माझा सात हजारांचा ट्रायपॉड झकास चालतो, तर तो खोटं बोलत नसतो. त्या शटरला कुठलाही चालेल. लोक एकमेकांशी ट्रायपॉडवरून वाद घालतात तेव्हा निम्म्या वेळा एक उन्हातला असतो आणि दुसरा जंगलातला.

जंगलातलं उदाहरण बघू. गोव्यात बोंडला, तांबडी सुर्ला किंवा सिंधुदुर्गात तिळारीच्या बाजूला बेडूकतोंड्या दिवसा दाट जाळीत बसलेला असतो. जेमतेम २३ सेंटिमीटरचा पक्षी, पण निम्मा चेहरा म्हणजे तोंडच. नर करडा-तपकिरी, त्यावर बारीक नागमोडी रेघा, मादी तांबूस. नर-मादी अंगाला अंग लावून बसली तर वाळकी पानं अडकलीयत असंच वाटतं. चोचीच्या बुडाशी केसांसारखे राठ तंतू असतात. फोटो जमला की नाही ते या तंतूंवरून ठरतं. आठ मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या चौकटीत ४८ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो, पक्षी जवळपास चार हजार पिक्सेल व्यापतो आणि एक पिक्सेल पडतो मिलिमीटरच्या सतराव्या भागावर. तंतू सुटे सुटे दिसायला पुष्कळ झालं.

अडचण उजेडाची. भर उन्हात एफ/४ आणि आयएसओ १०० ला १/२००० शटर मिळतं. दाट सावलीत उजेड नऊ स्टॉप खाली जातो असं धरा. नऊ स्टॉप म्हणायला सोपं, पण प्रत्येक स्टॉप म्हणजे निम्मं; नऊ वेळा निम्मं केलं की ५१२ पट कमी. तिथे शटर येतं १/४ सेकंदावर. आयएसओ ६४०० केला तर १/२५० मिळतं आणि पिसांची नक्षी दाणेदार होऊन बसते. ४०० वर ठेवला तर १/१५, आणि सेन्सरवर सोळापट जास्त प्रकाश. पक्षी तासन्‌तास हलत नाही, तेव्हा त्याची बाजू पक्की आहे. हलण्याची शक्यता फक्त आपल्याकडून. १/१५ ला तासकाट्याची चालसुद्धा सव्वा पिक्सेल खाते, हे वर आलंच आहे. इथे लेन्समधला स्टॅबिलायझर मदत करतो. पाच स्टॉपचा असेल तर हाती धरूनही कागदोपत्री १/२० पर्यंत उतरता येतं. फक्त साडेचार किलो हातात तोलत जाळीतल्या फटीवर अर्धा तास नेम धरून दाखवावा. (आणि फ्लॅश नको. रात्रीचा पक्षी आहे तो. विणीच्या दिवसांत दिवसभर अंड्यावर नर बसतो आणि अंडं एकच असतं.)

मग ताठ ट्रायपॉड ओळखायचा कसा? नळीच्या जाडीवरून. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढवला, तर वजन व्यासाच्या प्रमाणात वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध वाढतो व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. २५ मिलिमीटरऐवजी ३२ची नळी घेतली तर वजन २८ टक्के वाढेल आणि ताठपणा दुपटीहून जास्त होईल. ३७ची घेतली तर सव्वातीन पट. इतका किफायतशीर सौदा फोटोग्राफीत दुसरा नाही. उलट बाजूने, चार टप्प्यांच्या पायाची वरची नळी ३२ची असली तरी शेवटची २२ची असते, आणि ती वरच्याच्या एक तृतीयांशच ताठ. म्हणून पाय उघडताना आधी जाड टप्पे सोडायचे, काडी शेवटी. पाच टप्प्यांचा ट्रायपॉड गुंडाळला की देखणा छोटा होतो. लांब लेन्सच्या माणसाने त्याच्याकडे न बघितलेलं बरं.

लांबीचाही घनच लागतो. १६५ सेंटिमीटर उघडलेला पाय १३० वर आणला की ढोबळमानाने वाकणं निम्म्यावर येतं. लेन्स टांगून धरणारं गिंबल हेड वर वीतभर उंची देतं, म्हणून मध्यम उंचीच्या माणसाला सपाटीवर १३० सेंटिमीटर पुरतात. जादा लांबी लागते ती उतारावर, जिथे एक पाय खाली ओघळीत सोडावा लागतो. मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, मात्र नसलेलाच चांगला. तो हातभर वर काढला की तीन जाड पायांनी जे कमावलं ते एका नळीवर उधळलं जातं.

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम, यावर फार वेळ घालवू नये. गित्झोने १९९४मध्ये कार्बनचा ट्रायपॉड आणला तेव्हापासून हा वाद निकालात निघालाय: कार्बन हलका, थरथर लवकर जिरवणारा, महाग, आणि दगडावर आपटला तर वाकण्याऐवजी तडकणारा. पैसे कमी असतील तर जाड पायांचा ॲल्युमिनियमचा घ्यावा, बारीक पायांचा कार्बनचा नको.

आता सगळ्यात चमत्कारिक बेरीज. लेन्सपासून जमिनीपर्यंत साखळी असते: लेन्सचं फूट (तिला हेडवर बसवणारा पाया), हेड, ट्रायपॉड. समजा ट्रायपॉड ३,००० चा, हेड ३,००० चं आणि लेन्सचं फूट १,००० चं. एकूण ताठपणा किती? सहाशे. साखळीतल्या सर्वात कच्च्या कडीपेक्षाही कमी. कारण इथे ताठपणाची बेरीज होत नाही, लवचीकपणाची होते. आता कर्ज काढून ६,००० चा ट्रायपॉड घेतलात, तर एकूण आकडा ६०० वरून ६६७ वर जातो. त्याऐवजी फूट बदलून दुप्पट ताठ, बुटकं, रुंद बसवलंत, तर ८५७ वर. लेन्सबरोबर आलेलं फूट पुष्कळदा उंच आणि कमरेत बारीक असतं, उचलायला सोयीचं म्हणून. त्याजागी आर्का-स्विस पद्धतीचं, थेट हेडमध्ये बसणारं फूट मिळतं आणि नव्या ट्रायपॉडच्या मानाने ते कितीतरी स्वस्त पडतं. पण हौशी माणूस आधी ट्रायपॉड बदलतो, कारण तो लोकांना दिसतो.

वाऱ्याचं गणितही असंच वाकडं आहे. पुढचं हूड वीतभर रुंद, जवळपास तेवढंच लांब. ताशी १८ किलोमीटरचा वारा आडवा लागला की त्यावर पन्नासेक ग्रॅमचा दाब येतो. पण तो मध्यापासून ४० सेंटिमीटर पुढे असल्यामुळे हजारी ट्रायपॉडवर चित्र २५ पिक्सेल ढकललं जातं. वारा दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे शंभर पिक्सेल. संथ वारा चालतो, झुळका नाही. अशा वेळी हूड काढून टाकणं हा फुकटातला उपाय. ट्रायपॉडखाली बॅग टांगणारे पुष्कळ दिसतात. ती जमिनीला टेकलेली असेल तर ठीक, लोंबकळत असेल तर वाऱ्याला आणखी एक खेळणं मिळतं.

उडत्या पक्ष्याला ताठपणा नको, सैलपणा हवा, तोही हिशेबाचा. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यातला एखादा ताशी ५४ किलोमीटरने ६० मीटरवरून आडवा गेला, तर साडेतीन मीटरची चौकट पाव सेकंदाच्या आत ओलांडतो. लेन्स सेकंदाला १४ अंश वळत राहिली पाहिजे, कुठे न अडखळता. बॉल हेडवर हे जिवावर येतं, कारण साडेचार किलोंचं वजन गोळ्याच्या वर असतं. जरा कललं की खाली कोसळायला बघतं. गिंबलमध्ये लेन्स झोपाळ्यासारखी टांगलेली असते आणि वजनाचा मध्य नेमका आसावर आणलेला असतो. लेन्स प्लेटवर पुढेमागे सरकवत जावं. एक जागा अशी येते की सगळे स्क्रू सैल करून हात काढला तरी लेन्स वर रोखली तर वर राहते, खाली रोखली तर खाली. ती जागा सापडली की प्लेटवर खूण करून ठेवावी.

कुंभारगावच्या नावाड्याला हे सगळं सांगत बसू नका. ‘सायेब, ते तिकाटणं हितंच ऱ्हाऊ द्या, नावंला लई अडचण हुती,’ असं तो म्हणेल, आणि त्याचं बरोबर असतं. नाव सेकंदाला एक अंश जरी डुलली तरी ते २,४०० पिक्सेल होतात. पायाखालची फळीच फिरत असताना तिच्यावर ताठ उभं राहणाऱ्या ट्रायपॉडचा उपयोग काय? तिथे लेन्स हाती धरावी, शटर १/२००० च्या खाली येऊ देऊ नये. नांदूर मधमेश्वरसारख्या ठिकाणी निरीक्षण मनोऱ्यावर उभं राहिलात, तर शेजारचा माणूस चालेल तेव्हा बटण दाबू नये, इतकंच.

आणि एक हद्द अशी, की जिच्यापुढे पैसा चालत नाही. ६०० एफ/४ च्या पुढच्या भिंगाचं तोंड १५ सेंटिमीटरचं. म्हणजे ही सहा इंची दुर्बीणच झाली, आणि प्रकाशाच्या नियमाने तिला विकलेच्या नऊ दशांशापर्यंतचा तपशील वेगळा दाखवता येतो. आकाश पाहणारे लोक सहा इंची दुर्बिणीखाली दुर्बिणीहून जड बैठक आनंदाने लावतात. आपले पक्षीमित्र दोन किलोंच्या ट्रायपॉडला जड म्हणतात. पण खगोलवाल्यांचंही घोडं हवेपाशी अडतं. चांगल्या डोंगरावर, चांगल्या रात्री, हवेच्या थरथरीने तारा एक-दीड विकला पसरतो. पुण्याच्या आयुकाने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर नेऊन ठेवली ती अशाच कारणांसाठी. आपण मात्र सकाळी अकरा वाजता, तापलेल्या चिखलावरून, शंभर मीटरवरचा चिखल्या टिपायला बघतो आणि पिसं पुसट आली की ट्रायपॉडला शिव्या घालतो. त्या हवेत डोंगरावरच्या रात्रीच्या कितीतरी पट जास्त थरथर असते. लेन्स मिटवून भाकरी खायला बसावं, नाहीतर सूर्य उगवायच्या आत पोटावर सरपटत पंधरा मीटरवर जाऊन पडावं. तिथे ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरवून आडवे करता येतात, आणि सगळ्यात ताठ तो तेव्हाच असतो.

दुकानात जाताना आपली लेन्स, कॅमेरा आणि हेड घेऊन जा. दहा लाखांच्या पुढची लेन्स पिशवीतून निघाली की दुकानदार खुर्ची देतोच. पाय तुमच्या उंचीला लागतात तेवढेच उघडा, मधला दांडा खाली, समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या पाटीवर नेम धरा, लाइव्ह व्ह्यू शंभर टक्के मोठा करा, स्टॅबिलायझर बंद. हूडवर एक टिचकी मारा आणि अक्षरं स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते बघा. मग तीच टिचकी दुसऱ्या ट्रायपॉडवर, मग तिसऱ्यावर. अक्षरं ज्याच्यावर आधी थांबली त्याची किंमत विचारा.